रीलमधलं तेल

मुंबईच्या उपनगरांत हल्ली एक तक्रार सर्रास ऐकू येते. नवरे करतात, सासवा करतात, फॅमिली डॉक्टर करतात, आणि ज्यांच्याबद्दल ती असते त्या बायकाही एकमेकींबद्दल करतात. दिवसभर हातात मोबाइल, त्यात बघून काहीतरी चीजचं नाहीतर मेयोनीजचं करायचं, आणि वजन वाढलं, शुगर वाढली की त्याच मोबाइलवर डाएट शोधायचं! तक्रारीत तथ्य आहे. पण ती ज्या सुरात केली जाते तो सूर खोटा आहे. जणू बाई आळसावली म्हणून घराचं खाणं बिघडलं.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईची रोजची सरासरी २८९ मिनिटं भरली आणि पुरुषाची ८८. बिनपगारी जवळजवळ पाच तास. त्यात ‘आज काय करायचं?’ हा प्रश्न रोज सकाळी, रोज संध्याकाळी आणि मधल्या वेळच्या डब्यासाठी पुन्हा एकदा तिच्याच पुढ्यात येतो. त्याचं उत्तर तिनं फोनमध्ये शोधलं तर त्यात नवल काय? प्रश्न ती फोन का बघते हा नाही. फोन तिला काय देतो आणि काय काढून घेतो, हा आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: फोननं नवे पदार्थ दिले ते फारसे घातक नाहीत. घातक आहे ते स्वयंपाकाचं माप हरवणं. किती, कधी, कोणासाठी आणि कितीदा, या चारही प्रश्नांची उत्तरं रीलमधून गायब असतात.

फोनवर सगळं खापर फोडण्याआधी एवढं आठवलेलं बरं की मुंबईला तळलेलं खायला इंटरनेटनं शिकवलं नाही. दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडापावची गाडी लावली ती १९६६ मध्ये. मॅगी भारतात आली १९८३ मध्ये. पार्लेचा कारखाना विलेपार्ल्यात १९२९ पासून होता आणि उपनगरी रेल्वेच्या डब्यात त्याच्या बिस्किटांचा भाजका वास कितीतरी पिढ्यांनी घेतला. कृती दुसऱ्याकडून शिकायची सवयही जुनीच. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतलं. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची. तरला दलालांचं पहिलं पुस्तक १९७४ चं. मग टीव्ही आला. १९९३ पासून संजीव कपूर यांचा ‘खाना खजाना’, २००७ पासून झी मराठीवर ‘आम्ही सारे खवय्ये’. दुपारी कार्यक्रम लागला की वही-पेन घेऊन बसणाऱ्या बायका बोरिवलीतही होत्या आणि मुलुंडमध्येही.

मग फरक कुठे पडला? पुस्तक आपण उघडल्याशिवाय उघडत नसे. ‘रुचिरा’त वाट्या-चमच्यांचं माप होतं. टीव्हीवरचा कार्यक्रम ठरलेल्या वेळी लागे आणि संपे. आणि मुख्य म्हणजे पाहणं आणि करणं यांच्यामध्ये बाजार होता. चीज आणायचं तर उठून दुकानात जावं लागे, पर्स उघडावी लागे, महिन्याचा हिशेब डोळ्यांपुढे येई.

कोणी म्हणेल, आमच्या आया कुठे मापानं करायच्या? सगळा कारभार अंदाजाचाच होता. खरं आहे. पण त्यांचं माप कृतीत नसून महिन्यात होतं. वाण्याची यादी महिन्यातून एकदा जाई. तेल ठरलेलं येई, साखर ठरलेली येई, आणि वीस तारखेनंतर बरणी तळाला गेली की तळण आपोआप बंद होई. चकल्या दिवाळीला, पुरणपोळी होळीला, श्रीखंड पाडव्याला. पंचांग आणि पगार या दोन गोष्टी तेला-तुपावर लक्ष ठेवून होत्या. त्यात आरोग्याचा विचार होता असं नाही, बहुतेक वेळा चणचणच होती. तरी परिणाम तोच.

ही चौकट मोडण्याची सुरुवात सप्टेंबर २०१६ मध्ये जिओच्या स्वस्त डेटानं झाली आणि २०२० मध्ये ती पुरती मोडली. त्या वर्षी मार्चमध्ये टाळेबंदी लागली. जून अखेरीस टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामनं भारतात रील्स सुरू केले आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबनं शॉर्ट्स. बाहेरचं खाणं बंद, मुलं घरात, नवरा घरात, आणि चार माणसांना दिवसाला चार वेळा काहीतरी हवं. डालगोना कॉफी, कुकरमधला केक, बिस्किटांचा चुरा करून त्यात दूध आणि इनो घातलेला केक, घरचा पिझ्झा, घरची पाणीपुरी. त्या काळात या व्हिडिओंनी अनेक घरांचं मन सांभाळलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. टाळेबंदी उठली, सवय राहिली.

रील कसं चालतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण दोष पदार्थापेक्षा त्या रचनेत जास्त आहे. कोणता व्हिडिओ किती जणांपुढे न्यायचा हे तो किती वेळ पाहिला गेला, पुन्हा पाहिला गेला, साठवला गेला, पुढे पाठवला गेला यावर ठरतं. म्हणजे पहिल्या दोन-तीन सेकंदांत बोट थांबलं पाहिजे. ताणलं जाणारं चीज, उकळत्या तेलात पडणारी भजी, वरून ओतलेलं चॉकलेट यांवर बोट थांबतं. मुगाच्या वरणावर थांबत नाही. वरण करणारीही हे शिकते आणि वरणावर बटरची वडी ठेवते. ऑक्सफर्डचे चार्ल्स स्पेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ‘डोळ्यांची भूक’ या अर्थानं यावर सविस्तर लिहिलं: पोटात भूक नसतानाही खाण्याची चित्रं पाहून खाण्याची इच्छा चाळवते.

रीलमधला काळही आखडलेला असतो. तळणाला तीन सेकंद लागतात. तेलाचा वास, ओट्यावरचे शिंतोडे, कढईत उरलेलं तेल यांतलं काही दिसत नाही. ते उरलेलं तेल खऱ्या स्वयंपाकघरात मात्र असतंच आणि दुसऱ्या दिवशी भाजीच्या फोडणीला जातं. केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलात ते पुन्हा पुन्हा तापवल्यानं वाढणाऱ्या ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ना २५ टक्क्यांची मर्यादा घातली. ती हॉटेलांसाठी. घरच्या कढईत ते मोजायला कोणी येत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये जाहीर केलेल्या आहार मार्गदर्शक तत्त्वांत तेच तेल पुन्हा पुन्हा तापवू नका असं स्पष्ट सांगितलं आहे. कृतीच्या व्हिडिओंत हे वाक्य मी क्वचितच ऐकलं.

बाजाराचं अंतर मिटवलं ते दहा मिनिटांच्या डिलिव्हरीनं. २०२१ मध्ये मुंबईतच सुरू झालेलं झेप्टो, नाव बदलून आलेलं ब्लिंकिट, स्विगीचं इन्स्टामार्ट यांची छोटी गोदामं उपनगरांत गल्लोगल्ली झाली. दुपारी तीन वाजता रीलमध्ये दिसलेलं पेरी-पेरी मसाल्याचं पाकीट सव्वातीनला दारात हजर. वाण्याची यादी संपली ती इथे. महिन्याच्या हिशेबातून सुटलेली वस्तू घराच्या मापातूनही सुटते. याची एक खूण सरकारी आकड्यांत दिसते. २०२३-२४ च्या घरखर्च सर्वेक्षणानुसार शहरी कुटुंबाच्या दरमहा खर्चात पेयं आणि तयार किंवा प्रक्रिया केलेलं खाणं यांचा वाटा ११.०९ टक्के होता. आदल्या वर्षी तो १०.६४ टक्के होता. धान्य, दूध, भाजी यांपैकी कोणत्याही एका गटापेक्षा तो मोठा आहे. यात हॉटेलचं जेवणही धरलेलं आहे, त्यामुळे सगळं पाप पाकिटांच्या माथी मारता येणार नाही. तरी कल स्पष्ट आहे.

उपनगरं सगळी एकसारखी नाहीत हेही नोंदवायला हवं. घाटकोपरला रील यायच्या आधीच खाऊगल्ली होती. चीज, बटर, शेजवान सॉस आणि कोबी भरून उभे तुकडे करून देतात तो जिनी डोसा, आइस्क्रीम डोसा हे तिथले पदार्थ. फोननं एवढंच केलं की ते रस्त्यावरून घरच्या तव्यावर आणले. पूर्वी महिन्यातून एकदा वल्लभबाग लेनमध्ये उभं राहून खाल्लेला डोसा आता बुधवारच्या रात्रीचं जेवण झाला. बोरिवलीत आणि घाटकोपरात गुजराती-जैन शेजारामुळे फरसाण, खाखरे, सुक्या भेळेचा डबा मराठी घरांतही कायमचा आला आहे. ते शेजारधर्मानं आलं, अल्गोरिदमनं नाही. मुलुंड पूर्वेसारख्या जुन्या मध्यमवर्गीय वस्तीत पोळी-भाजी केंद्रांनी रोजच्या स्वयंपाकाचा भार हलका केला आणि वाचलेला उत्साह ‘काहीतरी वेगळं’ करण्याकडे वळला. अंधेरी पश्चिमेला वेगळंच. तिथे बाईला खाण्याच्या मोहापेक्षा न खाण्याचा मोह जास्त दाखवला जातो. जिम, डिटॉक्स, प्रोटीन शेक, आणि लोखंडवालाच्या बाजारात दिसणारी नटनट्यांची शरीरयष्टी. फोन प्रत्येकीला तिच्या वस्तीच्या ओढीप्रमाणे खेचतो, कारण आपण काय बघतो हे पाहूनच तो पुढचं दाखवतो.

अभ्यास काय सांगतात? लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये नऊ ते अकरा वर्षांच्या १७६ मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकप्रिय इन्फ्लुएन्सर चटकमटक पदार्थांबरोबर ज्यांनी फोटोंत पाहिले, त्या मुलांनी नंतर सुमारे २६ टक्के जास्त कॅलरी खाल्ल्या. पौष्टिक खाऊबरोबर पाहिलेल्यांनी मात्र पौष्टिक खाऊ जास्त खाल्ला नाही. हा दुसरा निष्कर्ष मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. चांगल्या खाण्याचं रील करून वाईट खाण्याच्या रीलला उत्तर देता येईल, ही भाबडी आशा तो मोडतो. बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन विद्यापीठानं २०२० मध्ये ३६९ विद्यार्थ्यांची पाहणी केली. फेसबुकवरचे आपले मित्र जेवढं अरबट-चरबट खातात असं एखाद्याला वाटतं, त्या प्रमाणात त्याचंही खाणं वाढलेलं दिसलं. मित्र खरंच तेवढं खातात की नाही हा प्रश्नच नाही, ‘सगळे खातात’ असं वाटणं पुरतं. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर रविवारी पडणारे ताटांचे फोटो हेच काम करतात. वरण-भात, मेथीची भाजी खाल्ली त्या दिवशी फोटो कोणी टाकत नाही.

या अभ्यासांतली माणसं मुलं आणि विद्यार्थी होती. चाळिशीतल्या गृहिणीला हे निष्कर्ष जसेच्या तसे लावणं घाईचं होईल. तिच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. ती जेवते कधी? मुलांचे डबे, नवऱ्याचा डबा, सासूबाईंचं जेवण, बाईची भांडी, मशीनचे कपडे हे सगळं उरकून दोन-अडीचला. जेवते कोणाबरोबर? बहुतेक वेळा एकटी, पुढ्यात फोन उभा करून. लक्ष दुसरीकडे ठेवून खाण्यावरच्या दोन डझन प्रयोगांचा आढावा २०१३ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ क्लिनिकल न्यूट्रिशन’मध्ये आला होता. लक्ष नसताना माणूस त्या वेळी जास्त खातोच, पण त्याहून जास्त नंतरच्या खाण्यात खातो, कारण आधी किती खाल्लं याची आठवण मनात नीट उमटलेली नसते. पाचच्या चहाबरोबर फरसाणाच्या डब्यात जाणाऱ्या हाताचं मूळ अडीचच्या त्या जेवणात असतं. त्यात ‘वाया जायला नको’ म्हणून खाल्लेली मुलाची अर्धी पोळी, कढईच्या तळाचा भात, डब्यात परत आलेला नूडल्सचा घास मिळवा. हे खाणं कोणत्याही डाएटच्या तक्त्यात येत नाही.

आणि त्या जेवणावेळी फोनवर काय चाललेलं असतं? एक व्हिडिओ चीज गार्लिक ब्रेडचा आणि लगेच पुढचा ‘पोटाची चरबी सात दिवसांत’. दोन्ही एकाच दुकानातून येतात, म्हणून या प्रश्नाचा निम्माच भाग चमचमीत खाण्याचा आहे. उरलेला निम्मा डाएटचा आहे, आणि महाराष्ट्रात त्याचं सगळ्यात मोठं, सगळ्यात मराठी उदाहरण म्हणजे २०१८ च्या सुमाराचा ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद.

डॉ. जगन्नाथ दीक्षित हे तेव्हा वैद्यकीय महाविद्यालयातले प्राध्यापक. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांतून त्यांनी सूत्र घेतलं. कडकडून भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांत जेवण, मध्ये काही नाही आणि रोज ४५ मिनिटं झपझप चालणं. ऋजुता दिवेकर मुंबईच्या आहारतज्ज्ञ. त्यांचं पहिलं गाजलेलं पुस्तक २००९ चं. थोडं थोडं पण वारंवार खा, भात-तूप-नारळाला घाबरू नका, आजीच्या स्वयंपाकघराकडे परत जा, हा त्यांचा सांगावा. दीक्षितांची भाषणं यूट्यूबवरून आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या शेकडो ग्रुपांवरून घराघरांत गेली. राज्य सरकारच्या लठ्ठपणाविरोधी मोहिमेचं सदिच्छादूतपदही त्यांना मिळालं. हळदी-कुंकवाला, भिशीला, नाट्यगृहाच्या मध्यंतरात ‘तू कोणाची?’ असा प्रश्न होऊ लागला. विनोदांचा तर पाऊस पडला.

दोघांचंही म्हणणं मुळातून ऐकलं तर त्यात विचार आहे, अटी आहेत, अपवाद आहेत. फॉरवर्ड होताना अटी गळाल्या. दीक्षितांचं दोनदा जेवणं उरलं, चालणं गेलं. दिवेकरांचं तूप उरलं, हंगाम आणि बेताचं माप गेलं. दोन्हींतलं सोयीचं घेऊन दोनदा भरपेट आणि मध्ये तूप-खजुराचे लाडू अशी तिसरीच पद्धत अनेक घरांत जन्माला आली. त्यातला खरा धोका मधुमेहाची गोळी घेणाऱ्या बाईला आहे. ग्लिमेपिराइडसारखी औषधं किंवा इन्सुलिन चालू असताना डॉक्टरांना न विचारता जेवणं कमी केली, तर साखर एकदम उतरते, घाम फुटतो, चक्कर येते आणि प्रसंगी शुद्धही हरपते. व्हिडिओला पाहणारीच्या औषधाची चिठ्ठी माहीत नसते.

डाएटच्या या मुळावर आपल्या उपवासांचं कलम झालं आहे. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र हे बायकांनीच सांभाळलेलं. आता त्यांना ‘इंटरमिटंट फास्टिंग’चं नवं प्रतिष्ठापत्र मिळालं. पण सोळा तास पोट रिकामं ठेवून मग साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, तळलेली फराळी मिसळ आणि वर उपवासाचा पिझ्झा! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. उपवास देवाचा असेल तर प्रश्नच नाही. वजनाचा असेल तर हे गणित जमत नाही. तसंच गुळाचं. ‘साखर सोडली’ म्हणून चहात गूळ, लाडवात खजूर, सरबतात मध. गूळ ही मुख्यतः साखरच, आणि खजुराच्या वजनातही निम्म्याहून जास्त साखरच असते. राष्ट्रीय पोषण संस्थेची दिवसाला २५ ग्रॅमची, म्हणजे जेमतेम पाच चमच्यांची मर्यादा गुळाला वेगळी सवलत देत नाही.

‘नैसर्गिक आहे, काय होणार?’ हे वाक्य तर मुंबईत महाग पडलेलं आहे. करोनाच्या काळात काढ्यांचे व्हिडिओ आणि संदेश फिरत होते. २०२० च्या शेवटच्या महिन्यांत गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी केली आणि ती २०२१ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयानं तो निष्कर्ष अमान्य केला, गुळवेलसारखी दिसणारी दुसरी वनस्पती असू शकते असं सांगितलं. वाद मिटला असं समजू नये. पण घरच्या बाईसाठी दोन्ही बाजूंचा अर्थ एकच निघतो: कोणती वेल, किती, किती दिवस, हे ठाऊक नसताना रोजचा काढा नको. दुधीच्या रसाचंही तेच. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीच्या रसानं मृत्यू झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) समितीनं कडू लागलेला रस ताबडतोब टाकून द्या, असा इशारा दिला. रस रोज सकाळी प्या हे सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत, आधी एक फोड चाखून बघा हे सांगणारे थोडे.

या सगळ्याचा शरीरावरचा हिशेब? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २३.४ टक्के जास्त वजनाच्या किंवा लठ्ठ होत्या आणि ५४.२ टक्के रक्तक्षयी. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. भरलेलं पोट आणि फिकं रक्त एकाच घरात, कित्येकदा एकाच बाईत. देशभरात शहरी बायकांमध्ये जास्त वजनाचा आकडा ३३.२ टक्के, ग्रामीण बायकांमध्ये १९.७. मुंबई महापालिकेनं जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनं २०२१ मध्ये सर्वेक्षण केलं, त्यात सुमारे ३४ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब, १८ टक्क्यांची उपाशीपोटीची साखर जास्त, आणि पुरेशी फळं-भाज्या न खाणारे तब्बल ९४ टक्के निघाले. या शेवटच्या आकड्यात बायकाही आल्या आणि पुरुषही, रील पाहणारे आणि न पाहणारेही. म्हणजे फोन हा एकटा गुन्हेगार नाही. चालायला फुटपाथ नसणं, भाजीचे भाव, लोकलचे तास आणि घरातल्या पुरुषांची कांदा चिरण्याचीही तयारी नसणं हे त्याचे साथीदार आहेत.

फोननं भलंही केलं आहे आणि ते थोडं नाही. मधुरा बाचल २००९ पासून यूट्यूबवर मराठी पदार्थ शिकवताहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे ‘आपली आजी’ म्हणून लाखो घरांत पोहोचल्या. आईपासून दूर राहणाऱ्या मुलीला अळूचं फदफदं कसं करायचं ते आज फोनच सांगतो. उपनगरांतल्या कितीतरी गृहिणींनी सोसायटीच्या ग्रुपवर मोदक, पुरणपोळ्या, केक विकून स्वतःच्या नावावर पहिल्यांदा पैसे कमावले. एफएसएसएआयची वर्षाला शंभर रुपयांची नोंदणी त्यासाठी पुरते. एप्रिल २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सर रेवंत हिमत्सिंगका यांनी बोर्नव्हिटातल्या साखरेवर व्हिडिओ केला. कंपनीच्या नोटिशीनंतर त्यांनी तो काढला, पण प्रश्न बाटलीत परत गेला नाही. कंपनीनं साखर कमी केली आणि एप्रिल २०२४ मध्ये केंद्रानं ऑनलाइन दुकानांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’च्या यादीतून काढायला सांगितलं. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी साखरेच्या पेयांवर ‘ओआरएस’ लिहिण्याविरुद्ध अनेक वर्षं आवाज उठवला. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं ते बंद केलं. डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचणाऱ्या बायका आज डी-मार्टमध्ये दिसतात, त्याचं श्रेय अशा व्हिडिओंना आहे.

त्याच माध्यमात जुलै २०२५ मध्ये समोसा-जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा छापणार अशी आवई उठली. मूळ गोष्ट साधी होती. कार्यालयांत आणि उपाहारगृहांत तेल-साखरेचं प्रमाण सांगणारे फलक लावा अशी आरोग्य मंत्रालयाची सूचना होती आणि नागपूरच्या एम्सचं नाव त्यात आलं. सरकारला खुलासा करावा लागला. दोन दिवस सगळे समोशाच्या बाजूनं लढले आणि फलकावर काय लिहायचं होतं ते कोणी वाचलं नाही.

नियम आहेत, पण लांब आहेत. जाहिरात मानक परिषदेनं ऑगस्ट २०२३ पासून आरोग्यावर सल्ला देणाऱ्या इन्फ्लुएन्सरनं आपली पात्रता सांगावी असं बंधन घातलं. पैसे घेऊन केलेला व्हिडिओ तसा सांगायला हवा. ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंडही आहे. मात्र मसाल्याची चार पाकिटं फुकट मिळाली म्हणून ‘माझं आवडतं’ म्हणणारी शेजारीण त्यात सापडणार कशी? पाकिटाच्या दर्शनी बाजूला साखर-मीठ-चरबीचा ठळक इशारा असावा यासाठी सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२५ मध्ये एफएसएसएआयला तीन महिन्यांची मुदत दिली होती. जनहित याचिकेपर्यंत जावं लागतं, यातच उद्योगाचं वजन कळतं.

माझ्या मते दोन गोष्टी कायद्याची वाट न पाहता होऊ शकतात. मराठी कृती दाखवणाऱ्या प्रत्येक चॅनेलनं तेलाचं, साखरेचं, मिठाचं माप आणि किती माणसांसाठी हे पडद्यावर लिहावं. ‘आवडीनुसार तेल’ हे वाक्य बंद करावं. आणि उपनगरांतल्या डॉक्टरांनी वजन-साखर तपासताना एक प्रश्न वाढवावा: जेवता कधी, कोणाबरोबर आणि फोनवर कोणाचं ऐकता? रागवण्यासाठी नाही, औषधाशी त्याचा मेळ घालण्यासाठी.

घरासाठी एकच हिशेब देतो. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालात भारतीय माणसाचा खाद्यतेलाचा वापर वर्षाला १९.७ किलो धरला आहे, म्हणजे दिवसाला सुमारे ५४ ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्था २० ते ३० ग्रॅम सांगते. मधला २५ चा आकडा धरला तर चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा सुमारे ४५ दिवस पुरायला हवा, आणि बाहेर खाल्लेलं तेल त्यात मोजलेलं नाही. पुढचा डबा फोडाल त्या दिवशी त्यावर पेनानं तारीख घाला. आणि ती तारीख घरातल्या सगळ्यांना दिसेल अशी ठेवा, कारण त्या डब्यातलं खातात सगळेच.